लेकीनं मागू न्हाई

बाप उमरीच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होता. नोकरीत असतानाच गेला. अशा वेळी घरातल्या एकाला कामावर घेतात, म्हणून तेरवी झाल्यावर मी कचेरीत गेले. साहेबांनी मान वरसुद्धा केली न्हाई.

"लग्न झालेल्या मुलीला अनुकंपावर घेता येत नाही. नियम आहे."

"अन् लग्न झालेला मुलगा असता तर?"

"तो चालतो."

घ्या! म्हंजी लग्न झालं तरी पोरगा पोरगाच, अन् पोरगी काय बापाला मेली का? मी तिथंच इतकं बोलले, की दारातल्या शिपायानं गुपचूप पाण्याचा गिलास पुढं केला. राग होताच, पण त्याहून जास्त मी हबकले होते. असला नियम कुणीतरी बसून, विचार करून लिहिला होता.

मला भाऊ न्हाई. माझं सासर शिरूर अनंतपाळ. आई उमरीत एकटी, डोळ्यानं अधू. लेकीकडं राहायचं तर सोडाच, ती माझ्या घरचं पाणीही पीत नसे. जुनी माणसं लेकीच्या घरचं खात न्हाईत. नोकरी मिळाली असती तर मीच उमरीत, तिच्या घरात, तिच्याजवळ राहिले असते. नवराही म्हणाला, "जा तू, इकडचं मी बघतो." सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

नांदेडच्या वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हा नियमच घटनेच्या विरुद्ध आहे. खंडपीठात जाऊ. तो घटनाबाह्य असल्याचं कोर्टानं जाहीर करावं, असं म्हणू."

मला कोर्ट म्हंजी बांधाची भांडणं एवढंच ठाऊक. सरकारचा नियम कोर्ट खोटा ठरवतं? मी गारच झाले.

"अन् खाली मागणी घालू, की तुम्हाला नोकरी द्यावी."

माझ्यासंगं आलेली आई फाटकन बोलली, "ते नगा लिहू. लेकीनं मागू न्हाई. नियम खोटा हाय एवढंच म्हणवून घ्या. मग ते आपसूक देत्याल."

आमच्याकडं लेक माहेरात मागत नसते. दिलेली साडी घ्यायची, रंग आवडो न आवडो. बापाची जागा मागणं म्हंजी बापाचं रान मागणं, असं आईच्या डोक्यात पक्कं. वकीलसाहेब लई समजावून राहिले, "मावशी, न मागितलेलं कोर्ट देत नसतं." आईचं एकच, "हिनं मागितलं तर हिनं माझ्या दारात यायचं न्हाई."

अन् मला तर तिच्याच दारात राहायचं होतं. मागणी लिहिली न्हाई.

निकालाला वर्षं लागली. वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या बसस्टँडवर होते. नियम घटनाबाह्य ठरला होता. मी हंबरडाच फोडला. बाया गोळा झाल्या, "काय झालं गं, कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं, मावशी. जिंकले मी!"

निकाल घेऊन कचेरीत गेले. आता साहेब नवे होते. त्यांनी शेवटपर्यंत वाचला. "अभिनंदन, ताई. नियम गेला. पण तुम्हाला नेमा, असं यात कुठंच नाही. नव्यानं अर्ज करा. वय किती?"

मी सांगितलं.

"मग नाही बसत. वयाची अट ओलांडली."

मी खुर्चीवरून उठलेच न्हाई. जिंकलेल्या माणसाला असं हात हलवत परत पाठवतात, हे मला खरंच वाटेना. वकीलसाहेबांना फोन लावला.  ते म्हणाले, "वयापुढं आता इलाज नाही, ताई."

पुढं एक दिवस मी आईकडं असताना हदगावची एक पोरगी पेढे घेऊन उमरीला आली. तिचाही बाप नोकरीत गेलेला, तिचंही लग्न झालेलं. आमच्या निकालावर तिला नोकरी लागली होती. ती आईच्या पाया पडली. "आजी, तुमच्या लेकीमुळं लागले मी."

आईनं तिचा हात चाचपला. "बाई, तू मागितलं व्हतंस?"

"हाव, आजी. मागितल्याबिगर कोण देतंय?"

आईनं पेढा तोंडात घातला न्हाई. पोरगी गेल्यावरही ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "माझी दोन लुगडी पिशवीत घाल. तुझ्याकडं येते मी."

मी पिशवी भरली. शिरूरला पोचलो. ती माझ्या घरात भिंतीला टेकून बसली.  मग हात पुढं करून म्हणाली, "पाणी दे गं."