वादळ इकडंच येऊ दे

आमच्या लेकीनं जहाजावर जायचं ठरवलं, तेव्हा पिंपरी पेंढारमधलं कुणी समुद्रावर नोकरीला असल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं. माझ्यासाठी समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत पाहिलेला. पायाखालची वाळू सरकली की किंचाळायचं, एवढाच. लेक मात्र हट्टानं शिकली, परीक्षा दिल्या आणि एका मालवाहू जहाजावर शिकाऊ अधिकारी म्हणून रुजू झाली.

निघायच्या आधी तिनं वडिलांच्या मोबाइलमध्ये वाऱ्याचा नकाशा घालून दिला. वडिलांना ती दादा म्हणते.

"दादा, निळं म्हणजे शांत. पिवळं दिसलं की वारा वाढला. आणि लाल, जांभळं गरगरताना दिसलं तर तिथं वादळ. मी कुठं आहे ते कळवत जाईन, तुम्ही बघत जा."

"बरं," हे म्हणाले.

यांचं बोलणं मुळातच कमी. लेक कॉलेजला पुण्यात होती, तेव्हा तिचा फोन आला की "बरी हायेस ना?" एवढं विचारून फोन माझ्या हातात द्यायचे. मला कधी कधी राग यायचा. पण हा नकाशा आल्यावर वेगळंच झालं. सकाळी धारा काढून झाल्या की हे पडवीत बसायचे, अंगठ्यानं आपला तालुका बाजूला सारायचे, भीमाशंकरचा डोंगर ओलांडायचे, कोकण मागं टाकायचे आणि समुद्रात शिरायचे. मग फोनवर बोलायला विषय मिळाला.

"काल तुझ्याकडं वारा व्हता का गं?"

"होता की! तुम्हाला कसं कळलं?"

"पिवळं दिसत व्हतं."

एवढं सांगताना सुद्धा यांचा चेहरा फुलायचा. पुढं पुढं तर मला फोन मिळायला वाट बघावी लागायची.

त्या वर्षी उन्हाळा सरत आला होता. आमचा कांदा उपटून वावरात पडला होता. पात सुकली की ती कापायची आणि कांदा बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, भरायचा. नेमक्या त्याच वेळी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. त्याचं चक्रीवादळ होणार हे नक्की होतं, पण ते जाणार कुठं, हे हवामानवाल्यांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. वर सरकलं तर आपल्या किनाऱ्याला घासून जाणार आणि आमच्याकडं पाऊस पडणार. पश्चिमेला वळलं तर ओमानच्या दिशेनं जाणार. आणि आमची लेक ओमानच्या किनाऱ्यानंच खाली आफ्रिकेकडं निघाली होती.

"इंटरनेट नीट चालत नाहीये, काळजी करू नका," असा तिचा मेसेज आला. त्यानंतर मी पाठवलेल्या मेसेजपुढं एकच खूण दिसत राहिली.

नकाशावर तो जांभळा भोवरा रोज थोडा मोठा व्हायचा. हे जेवता जेवता हात धुऊन उठायचे, मोबाइल बघायचे, परत येऊन बसायचे. मी काही विचारत नव्हते. विचारलं असतं तर दोघांच्याही मनातलं बाहेर आलं असतं.

एका दुपारी शेजारचे भाऊ बांधावरून आले. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून आहे, आणि त्यांचाही कांदा उघड्यावर होता.

"काय म्हणतोय तुमचा नकाशा? येतंय का इकडं?" त्यांनी विचारलं.

हे मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "येऊ दे. इकडंच येऊ दे त्याला."

भाऊंना वाटलं चेष्टा आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग त्यांचा आवाज चढला. "राव, डोकं फिरलंय का तुमचं? आमचा समदा माल बाहेर पडलाय. असं वंगाळ का बोलता?"

हे नकाशाच सरकवत राहिले. भाऊ तणतणत निघाले. मी त्यांच्या मागं बांधापर्यंत गेले आणि सांगितलं, "भाऊ, रागावू नका. ते तिकडं वळलं तर पोरीच्या जहाजाकडं जातंय."

ते थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी घाम पुसला. "आधी बोलायचं ना वयनी," एवढंच म्हणाले आणि गेले.

मीही मनातून तेच मागत होते. माझा कांदा भिजू दे, सडू दे, पण ते तिकडं नको. फक्त माझ्या तोंडून ते निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. गार वारा सुटला. आमच्याकडच्या ताडपत्र्या साऱ्या कांद्याला पुरण्यासारख्या नव्हत्या. हे त्या खांद्यावर टाकून निघाले, आणि बघते तर आमचा ढीग ओलांडून सरळ भाऊंच्या वावरात.

"अहो, आपला उघडा आहे!" मी ओरडले.

"ते आपुन मागितलंय," हे म्हणाले. "त्यांनी न्हाई मागितलं."

मी वाद घातला नाही. आम्ही दोघांनी मिळून भाऊंचा कांदा झाकला. मग भाऊ आणि त्यांची बायको आमच्या वावरात आले. उरलेल्या प्लास्टिकच्या कागदांनी, जुन्या साड्यांनी आणि पोत्यांनी जमेल तेवढं झाकलं. तेवढ्यात सर आलीच. आडवी, जोराची. आमचा निम्मा कांदा भिजला. पाऊस अंगावर घेत हे वावरात उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. आपलं मागणं ऐकलं गेलं, असं त्यांना वाटलं असावं.

पण घरी येऊन मोबाइल पाहिला, तर ती सर नुसता वादळाच्या शेपटाचा भाग होती. भोवरा पश्चिमेला वळला होता. हे भिजल्या कपड्यांनीच पडवीत बसून राहिले. मी टॉवेल दिला, तो तसाच मांडीवर पडून होता.

लेकीचा फोन आला तो सकाळी, आम्ही ओला कांदा वेगळा काढत असताना. व्हिडिओत तिच्या मागं लख्ख ऊन होतं.

"कुठं हायेस तू?" यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरून विचारलं.

"लांब आहे दादा. कॅप्टननी केव्हाच रस्ता बदलला. आम्हीपण तोच अंदाज बघतो ना! जहाजाला बाजूला होता येतं, कांद्याला नाही येत. झाकला का तुम्ही?"

यांनी मोबाइल वळवून तिला वावर दाखवलं. भिजलेला ढीग, उन्हात वाळत घातलेल्या माझ्या साड्या, आणि मधोमध बसून आमचा कांदा निवडणारे भाऊ. भाऊंनी हात हलवला. भिजलेला माल आम्ही लगेच विकून टाकला. बाकीचा बराखीत गेला.

दिवाळीच्या सुमारास ती सुट्टीवर आली. अंगानं थोडी उतरली होती, उन्हानं रापली होती. चुलीपुढं बसून ती भाकरी खात होती आणि हे समोर बसले होते. काही वेळानं यांनी विचारलं, "त्या वादळाच्या वक्ताला खरं काय झालं व्हतं?"

ती हसून टाळणार होती. पण त्यांच्याकडं पाहून थांबली.

"वादळ लांब होतं, ते खरंय," ती म्हणाली. "वारा पण फार नव्हता. पण त्याच्या लाटा आमच्यापर्यंत येत होत्या दादा. मोठमोठ्या, लांबून चालत आल्यासारख्या. जहाज सारखं एका अंगावर कलायचं. मला उलट्या होत होत्या. आणि ड्युटीवर उभं तर राहायचंच."

"भ्यालीस?"

"भ्याले."

यांनी टोपल्यातली भाकरी घेतली, मोडून अर्धी तिच्या ताटात ठेवली.

"मीबी लई भ्यालो व्हतो," हे म्हणाले.