पोर्टातली अक्षता

"काढ. परत लाव," असं मी चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा मधुराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सकाळचे अकरा वाजले होते. दोन वाजता तिचा डेमो होता आणि त्यावर तिचं प्रोबेशन संपतं की नोकरीच, हे ठरणार होतं. नोकरी गेली की व्हिसाही गेला.

मी लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. म्हणजे लॅपटॉप बिघडला की लोक आधी माझ्या नावाने खडे फोडतात, मग मला बोलावतात. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ते उघडायला डोंगल लागतो. डोंगल म्हणजे बोटाच्या पेराएवढी किल्लीच, यूएसबी पोर्टमध्ये खुपसायची. मधुराचा लॅपटॉप ती ओळखतच नव्हता. त्याला पोर्ट तीन, पण त्यातले दोन आमच्या सिक्युरिटीवाल्यांनी बंद करून ठेवलेले. दुसरा लॅपटॉप द्यावा, तर त्यावर सॉफ्टवेअर चढवायची परवानगी यायला दोन दिवस लागतात.

लॅपटॉप रीस्टार्ट केला. फरक नाही. डोंगल माझ्या लॅपटॉपला लावला, तर तिथे मुकाट्याने चालला. मग तिच्या पोर्टला माझा माऊस लावला. तोही मेला. म्हणजे दोष पोर्टात. ड्रायव्हर, म्हणजे पोर्टशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, काढून परत टाकला. तरी ढिम्म. शेवटी टॉर्च मारून आत पाहिलं. तांबडं काहीतरी दिसलं. मला वाटलं, गंज. पण वर्षभराच्या लॅपटॉपला गंज कसा लागेल? नीट पाहिलं, तर मागच्या बाजूला एक तांदळाचा दाणा अडकला होता. कुंकू लावलेला.

मी मधुराकडे पाहिलं.

"दादा, काल दसरा होता," ती हळूच म्हणाली. "सासूबाई आल्यात ना पुण्याहून. मी घरूनच काम करत होते. चहा करायला उठले, तेवढ्यात त्यांनी पूजा उरकली. म्हणाल्या, तुझं पोट याच्यावर चालतं."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून गिळलं. लॅपटॉप बंद केला. लाकडी टूथपिकने दाणा अलगद काढला. पिन घातली असती, तर आतले पत्रे वाकले असते. ओलसर कुंकू स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. डोंगल लावला. दिवा लागला. पाऊण तास, काम फत्ते.

पण तिकीट राहिलं होतं. तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. त्यात रूट कॉज, बिघाडाचं मूळ कारण, भरल्याशिवाय लॅपटॉप परत देता येत नाही. कारणही यादीतूनच निवडायचं. "वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा" निवडलं असतं, तर ते थेट मधुराच्या मॅनेजरकडे गेलं असतं. म्हणून मी "बाहेरची वस्तू" निवडलं आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिलं, तांदूळ, एक दाणा. हा माझा गाढवपणा.

अशा तिकिटाला बॉसची मंजुरी लागते. दहा मिनिटांत माझा बॉस कीथ हजर. डेस्कवर जेवायला बंदी आहे, हे त्याने मला ऐकवलं.

"जेवण नाही. कच्चा होता," मी म्हणालो.

"कच्चा तांदूळ कोण खातं?"

"खात नाहीत. लॅपटॉपवर टाकतात."

"का?"

"लॅपटॉप नीट चालावा म्हणून."

कीथने आवाज खाली आणला. "इज इट रिलिजस?"

तसं म्हणता येईल, मी म्हणालो. कीथने टेबलावरचे दोन्ही हात मागे घेतले आणि एचआरला फोन लावला. एचआरची फियोना वही घेऊन आली. तिला पोर्टाची काळजी नव्हती. दाणा काढण्याआधी मी मधुराची परवानगी घेतली होती का, हे तिने दोनदा विचारलं. मग अतिशय मायेने मधुराकडे वळली. तो दाणा परत आत ठेवायचा असेल, तर कंपनी पूर्ण सपोर्ट करेल, म्हणाली.

"नको," मधुरा म्हणाली. "मला दोन वाजता डेमो द्यायचाय."

फियोनाने तेही लिहून घेतलं. पण हेड ऑफिसचं मार्गदर्शन येईपर्यंत लॅपटॉप आहे तिथेच राहू दे, असंही सांगितलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. माझं डोकं सणकलं. या दोघांच्या सौजन्यात त्या मुलीची नोकरी जाणार होती.

मी तिकीट उघडलं, कारण बदललं. "प्लॅन्ड मेंटेनन्स", ठरलेली देखभाल. तिला कोणाची मंजुरी लागत नाही, कारण ठरलेलं काम कोणी तपासत नाही. तिकीट आपोआप बंद झालं, लॅपटॉप मोकळा झाला.

कीथने स्क्रीन वाचली. "खरंच आधी ठरलेलं असतं?"

"तारीख वर्षभर आधी छापून येते," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम निवळला. आमच्या स्वतःच्या मेंटेनन्सची तारीख आदल्या दिवशीही कळत नाही. फियोनानेही वही मिटली.

डेमो झाला. शुक्रवारी मधुरा कायम झाली. तिच्या सासूबाईंनी सगळं श्रेय पूजेला दिलं, मला पेढे मात्र पाठवले. मी एवढंच शिकलो की बिघाड शोधताना खरं कारण शोधावं आणि फॉर्म भरताना फॉर्मला पचेल ते लिहावं.

महिन्याभराने हेड ऑफिसचं मार्गदर्शन आलं. कंपनीच्या उपकरणांची पूजा करायची असल्यास पाच दिवस आधी अर्ज करावा, पोर्टांना टेप लावावी. मंजुरी देणारा अधिकारी मी. पहिला अर्ज कीथचा आला, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरसाठी.