लाकडी सफरचंदावरची चीर

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या घरातलं खिडकीजवळचं डायनिंग टेबल मी त्या आठवड्यात अडवून ठेवलं होतं. कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनासाठी मला सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा फोटो काढायचा होता. लाल कळशी, हिरवं जातं, पोळपाट-लाटणं आणि अगदी खरी वाटणारी फळं. लहानपणची माझीच भातुकली ती, पुण्याहून येताना हँडबॅगेत घालून आणलेली. इथला उजेड ढगांमुळे घडीघडीला बदलतो, म्हणून मांडणी हलवायची नाही असं मी घरात बजावून ठेवलं होतं.

घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि पुण्याहून राहायला आलेले सासरे. बाबा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. माझा उद्योग त्यांना पटलेला नव्हता. पहिल्याच दिवशी म्हणाले, "खेळणी खेळायला असतात गं. त्यांचे फोटो काढून काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडी आंबा टेबलावर नव्हता. तो सापडला किचनमध्ये, केळ्या-संत्र्यांच्या टोपलीत. मी बाबांकडे पाहिलं. ते निवांत चहा पीत होते.

"बाबा, आंबा तुम्ही उचललात का?"

"मी कशाला उचलू?"

मला ते थट्टा करतायत असं वाटलं. मी लक्ष ठेवायला लागले. जातं भिंतीकडे वळलेलं दिसे. मी उघडून ठेवलेला पडदा अर्धा ओढलेला असे. विचारलं की उत्तर एकच, "मला काय माहीत?" आणि एके दिवशी लाल सफरचंद हातात घेतलं, तर त्याच्यावर सुरीची चीर. लाखेच्या थरातून थेट लाकडापर्यंत गेलेली.

नवऱ्याला ऑफिसात फोन केला. "तुझ्या वडिलांनी माझ्या सफरचंदावर सुरी चालवली."

तो म्हणाला, "चुकून झालं असेल. सोड ना." माझ्या बाजूने नाही, त्यांच्याही नाही. त्याचं ते घाईघाईने सोड म्हणणंही मला खटकलं.

चिरलेली बाजू मागे फिरवून मी फोटो काढायला लागले. चकचकीत वस्तूंमध्ये सगळी खोली उमटते, म्हणून मी काळा टीशर्ट घालते. तरी वरच्या खोलीत लॅपटॉपवर फोटो मोठे करून बघताना कळशीच्या पोटावर एक पांढरा डाग दिसला. आणखी मोठा केला. माझ्या मागे पांढऱ्या सदऱ्यातले बाबा उभे होते. मला चाहूलही लागली नव्हती. हा माणूस माझ्या पाठीमागे उभा राहून करतो तरी काय?

मी ओळीने पुढचे फोटो उघडले. एकात त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर. पुढच्यात भिंतीवर, बोटं पसरलेली. त्यानंतरच्यात दाराच्या चौकटीवर. त्यांची नजर माझ्याकडे नव्हतीच. मान थोडी वर, कशाकडेच न बघणारी. आमच्या त्या लहानशा खोलीत ते चाचपडत चालले होते.

मी खाली गेले. बाबा सोफ्यावर बसले होते, मांडीवर पेपर. जवळ गेल्यावर दिसलं, पेपर उलटा होता.

शेजारी बसून मी विचारलं, "बाबा, सफरचंद कापायला घेतलं होतंत ना, खायला?"

त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "खिडकीचा उजेड त्या रंगांवर पडला की डोळ्यांत सुया टोचतात. म्हणून पडदा ओढायचो. सफरचंद समोर होतं, उचललं. सुरी आत जाईना तेव्हा कळलं." मग हळूच, "जन्मभर लोकांच्या वेलांट्या सुधारल्या मी. कोणाला कसं सांगू?"

संध्याकाळी नवरा दारातून आत आला आणि माझा चेहरा बघून तिथेच थांबला.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"मोतीबिंदू आहे. पुण्यातच कळलं होतं." तो बूट काढत राहिला. "तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी. तुला कळलं तर आधी ऑपरेशन करायला लावशील आणि इथे येणं राहून जाईल, अशी भीती होती त्यांना."

"आणि मी रोज त्यांच्यावर पाळत ठेवत होते, ते बघत होतास?"

त्या रात्री आम्ही दोघं फारसं बोललो नाही. एवढी मोठी गोष्ट लपवू शकणारा माणूस आणखी काय लपवत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाता जात नव्हता. आजही तो "काही नाही गं" म्हणाला की मी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघते.

बाबांचं परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. तोवर टेबल मोकळं केलं, पडदा ओढून ठेवला, आणि रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. माझे उच्चार ते सुधारायचे. पुण्यात नणंदेने दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एकामागून एक करून घेतली. पट्टी निघाल्यावर व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ घेतला, आणि माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

"अगं, तू तिकडे जाऊन एवढी वाळलीस," ते म्हणाले, "की आधीपासून अशीच होतीस?"