बुद्रुकसाहेब आणि खुर्दबाई

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली आणि त्या नादात माणसाचं आडनाव म्हणजे त्याचा स्टॉप, असं त्यांच्या डोक्यात कायमचं बसलं. कुणी आडनाव सांगितलं की ते डोळे मिटून घेणार, मनातल्या मनात घाट चढणार, पूल ओलांडणार आणि त्या माणसाला बरोबर त्याच्या गावात उतरवणार. मग "नदीच्या अलीकडचे की पलीकडचे?" हा प्रश्न. कोकणात हे चालून जातं. तिथे निम्मी आडनावं गावाच्या नावाला 'कर' जोडूनच झालेली आहेत. गंमत सुरू झाली ती सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे, अमिरातीतल्या अल ऐनला घेऊन आलो तेव्हा.

अल ऐन शांत आहे, हिरवं आहे, पण गाडीशिवाय इथला माणूस म्हणजे खुंट्याला बांधलेली शेळी. नवरा खोर फक्कानच्या बंदरात कामाला, तो फक्त शनिवार-रविवारी घरी यायचा. मी सकाळी फार्मसीत, लेक शाळेत. सासरे दिवसभर व्हिलाच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं आडनाव विचारायचे. कोपऱ्यावरचा मल्याळी किराणावाला सापडला, तर त्याच्या नावापुढे नुसतीच दोन इंग्रजी अक्षरं. "याला कुठे उतरवायचं?" असं त्यांनी मला इतक्या हताशपणे विचारलं की मलाच त्या दुकानदाराचा राग आला. दर दोन दिवसांनी ते म्हणायचे, "सूनबाई, माझं परतीचं तिकीट बघ." मी म्हणायची, "बघते हं बाबा." बघत नव्हते.

आणि मग आमच्या भिंतीपलीकडे राहणारे इंग्रज साहेब त्यांना सापडले. वय साठीला टेकलेलं, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, एकटेच राहायचे. सासऱ्यांनी कुंपणावरून त्यांचं नाव विचारलं. उत्तर आलं. सासरे डोळे मिटून बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले.

"हे गाव कुठे आलं?" त्यांनी मला विचारलं.

मी फोनवर नकाशा उघडला. खरंच होतं! साहेबांच्या आडनावाचं एक गाव इंग्लंडात होतं, चर्च, ओढा आणि एक दारूचा गुत्ता असलेलं. सासऱ्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "बघ! ग्रामदैवत आहे, पाणी आहे, गुत्ता आहे. विचार त्याला, घरी कोण कोण असतं?"

साहेब म्हणाले, "मी त्या गावाला कधी गेलेलो नाही. माझा जन्म केनियातला. वडील सैन्यात होते, लहानपणी दर दोन वर्षांनी घर बदलायचं. तसं माझं असं गाव नाही."

मी भाषांतर केलं. सासरे त्यांच्याकडे अशा नजरेने पाहू लागले जशा नजरेने ते विनातिकीट प्रवाशाकडे बघत असणार. "गाव नाही कसं? आडनावात आहे की! एवढा शिकलेला माणूस आणि आपल्या गावच्या जत्रेला एकदाही जात नाही?"

त्या दिवसापासून त्यांची दोस्ती झाली. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजी 'फुल' आणि 'हाफ' एवढंच यायचं, पण रोज संध्याकाळी साहेब त्यांना गाडीतून ओॲसिसमध्ये फिरायला न्यायचे आणि खजुरांच्या सावलीत दोघं हातवारे करत बसायचे. परतीच्या तिकिटाचा विषय बंद झाला. मी साहेबांची इतकी ऋणी होते की त्यांना दर शुक्रवारी मटणाचा डबा पाठवायचे.

मार्च संपता संपता एके दिवशी साहेब चहाला आले ते एका बाईंना घेऊन. बाई हॉस्पिटलात मेट्रन होत्या. पंचावन्नच्या पुढच्या, उंच, भरभक्कम, आवाज असा की आयसीयूतला पेशंट उठून उभा राहील. साहेब त्यांना खुर्ची देताना दोनदा स्वतःच त्या खुर्चीवर बसले, तेव्हाच मी ओळखलं. मी फार्मसीत काम करते. माणसाला काय झालंय हे मला काउंटरपलीकडून कळतं. साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं, नंतर व्हिसा खलास. दोन वर्षं ते या बाईंबरोबर नुसती कॉफी पीत होते आणि मनातलं बोलायला त्यांच्या हातात आता जेमतेम अडीच महिने उरले होते.

सासऱ्यांनी अर्थातच बाईंना आडनाव विचारलं.

आता इथे मी ती दोन आडनावं लिहीत नाही. दोघंही हयात आहेत आणि बाई संतापी आहेत. एवढंच सांगते की बाईंचं आडनाव म्हणजे साहेबांच्याच आडनावाला मागून एक छोटं शेपूट. आणि नकाशावर पाहिलं तर त्याही नावाचं गाव निघालं. ओढ्याच्या अलीकडे साहेबांचं, पलीकडे बाईंचं.

"अरे, हे तर बुद्रुक आणि खुर्द!" सासरे ओरडले. "मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. मूळ गाव एकच. म्हणजे तुम्ही एकाच भावकीतले!" आनंदाने त्यांनी दोघांना चकली वाढली. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखा त्यांचा हात थांबला आणि बोट वर करून ते गंभीरपणे म्हणाले, "मात्र एक. भावकीत सोयरीक होत नाही. लग्नबिग्न डोक्यात असेल तर काढून टाका."

लग्नाचा शब्द त्या खोलीत तोवर कुणीही काढलेला नव्हता.

"काय म्हणाले ते?" बाईंनी मला विचारलं.

"चहा निवतोय म्हणाले."

"एवढं बोट वर करून?" मेट्रनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या नर्सरीतल्या बाई आठवल्या. मी सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांच्या कानांच्या पाळ्या टोमॅटो झाल्या. "गाडीचा दिवा चालू राहिलाय वाटतं," म्हणून ते जे बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. बाईंनी शांतपणे आपली चकली संपवली, साहेबांचीही संपवली आणि टॅक्सी बोलावून गेल्या.

मी त्या रात्री सासऱ्यांवर भडकले. "बाबा, त्या दोघांनी ती गावं कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत! कसली भावकी न् कसलं काय! तुम्ही त्या बिचाऱ्या माणसाचं जमत आलेलं मोडलंत!"

"मी मोडलं? मी वेळेवर थांबवलं," ते म्हणाले. "उद्या त्यांना कुणी नावं ठेवली म्हणजे?"

"कोण ठेवणार? इंग्लंडची राणी?"

"ती गेली," सासरे म्हणाले. बातम्या ते रोज ऐकायचे.

पुढचे काही दिवस साहेब कुंपणाकडे फिरकले नाहीत. ओॲसिसची फेरी बंद. सासरे ओट्यावर बसून कुणाचं आडनावही विचारेनात. मला वाटलं, आता एक माणूस जूनमध्ये इंग्लंडला जाणार, दुसरा कोकणात जाणार आणि मी इथे मटणाचे डबे धरून बसणार. पण मग एका दुपारी साहेब स्वतः आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा. बसले. रुमालाने कपाळ पुसलं.

"मी तिला विचारलं," ते म्हणाले. "अखेर विचारलं. तुमच्या सासऱ्यांमुळेच विषय निघाला, नाहीतर माझी हिंमत झाली नसती."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आधी त्या म्हाताऱ्याची परवानगी आण."

मी हसायला लागले, पण साहेब हसत नव्हते. "ती चेष्टेत नाही बोलली. ती म्हणाली, मी काय करते, कुणाबरोबर जाते, यावर आजवर कुणी हरकत घेतली नाही. या गृहस्थांनी चकली वाढता वाढता घेतली. त्यांना विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी पेढ्यांचा पुडा जवळ ओढला, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "नाही."

"बाबा!"

"भावकी ती भावकी. पेढा चांगला आहे, त्याला सांग."

मी खोर फक्कानला फोन लावला. नवरा क्रेनच्या आवाजात ओरडून म्हणाला, "अगं, मी कंटेनर मोजतोय! बाबांना सांग, हबीबी, सोडून द्या! होईल काहीतरी, इन्शाल्ला!" असा आमचा कर्ता पुरुष.

साहेब रोज यायचे. रोज पुडा. पेढे, मग बर्फी, मग बकलावा. सासरे सगळं खायचे आणि नाही म्हणायचे. एप्रिल संपला, मे लागला. साहेबांच्या घरात खोकी दिसायला लागली, कारण कॉलेजने घर रिकामं करायची तारीख दिली होती. एकदा त्यांनी कुंपणावरून मला विचारलं, "तुमच्याकडे अशा वेळी काहीच मार्ग नसतो का?" त्यांचा आवाज ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी तशीच आत गेले आणि सासऱ्यांसमोरचं ताट उचलून घेतलं.

"तुम्हीच सांगा आता. गावात एवढी लग्नं झाली, कधीच असं अडलं नाही? अडल्यावर काय करायचे?"

सासरे रिकाम्या पाटाकडे बघत राहिले. "करायचे की," ते हळूच म्हणाले. "मुलगी दुसऱ्या घरात दत्तक द्यायचे. मग तिचं घराणं बदलतं."

"मग द्या ना!"

"कुणाच्या घरात देऊ? इथे आहे कोण आपलं?" आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मी ताट परत ठेवलं.

दत्तकविधान शनिवारी सकाळी झालं. कागदावर काहीच नाही, सगळं सासऱ्यांच्या मनाने. मेट्रनबाई माझी हिरवी साडी नेसून आल्या, ती त्यांना घोट्याच्या बरीच वर बसत होती. रीतीप्रमाणे मुलीला मांडीवर घ्यायचं असतं. सासऱ्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेजारी बसली तरी चालतं." मग त्यांनी तिच्या ओटीत नारळ घातला, हातावर साखर ठेवली आणि फोनवर आमचं गाव दाखवलं. नदीच्या अलीकडचं. "हे तुझं. कुणी विचारलं तर हे सांगायचं." त्यांना तीन मुलगे, मुलगी नाही. बाई मान डोलावत तो नकाशा बोटांनी मोठा मोठा करत राहिल्या.

"सो शी इज माय आत्या नाऊ?" लेकीने विचारलं.

"यस," बाईच म्हणाल्या. "सिट स्ट्रेट."

साहेबांना आत बोलावलं. सासऱ्यांनी कडक आवाजात त्यांचा पगार विचारला, दारू किती पिता ते विचारलं आणि परवानगी दिली. साहेबांनी त्यांना नमस्कार केला तो जवळजवळ साष्टांगच, कारण गालिच्यात पाय अडकला.

पुढच्या आठवड्यात दोघांनी अबू धाबीच्या कोर्टात जाऊन लग्नाच्या सह्या केल्या. बाईंच्या व्हिसावर साहेबांना राहता येणार होतं आणि शेजारची व्हिलाही बाईंनी आपल्या नावावर भाड्याने घेतली. खोकी उघडली गेली. शनिवारी दुपारी सगळे आमच्याकडे जेवायला आले, पुरणपोळी झाली, नवराही आला होता. चार वाजता बाई उठल्या. "चला, घरी जाते," म्हणाल्या.

आणि सासरे रडायला लागले.

थोडंथोडकं नाही. हुंदके देऊन. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत बोगनवेलीची एक कुंडी ओलांडली की संपलं. दत्तक झाल्यापासून त्या रोज येतच होत्या, उद्याही येणार होत्या. साहेब घाबरून मला विचारायला लागले, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे मुलीची पाठवणी करताना बाप रडतो."

मी हे बाईंनाही सांगितलं. त्यांनी ऐकलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी घर सोडलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बॅग मीच उचलली, टॅक्सी मीच बोलावली. आई आतून म्हणाली, दार नीट लावून घे." एवढं बोलून त्या आमच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी जो गळा काढला, तो सबंध कंपाउंडला ऐकू गेला. सासरे त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मराठीत म्हणत होते, "जा बाळ, जा आता." त्या इंग्रजीत म्हणत होत्या, जाते, जाते. जात कुणीच नव्हतं.

पलीकडे बुद्रुकसाहेब आपल्या दारात किल्ली घेऊन ताटकळत उभे होते. याला वेळ लागतो, असं त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं असतं, पण मला माझ्या पाठवणीच्या दिवशीचा माझ्या वडिलांचा चेहरा आठवत होता आणि माझंच रडू थांबत नव्हतं.