मायरबाईंची टर्की

बबन मेश्राम यांची सगळी नोकरी नागपूरच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे, कंट्रोलर म्हणून, गेली. यवतमाळची कधी सुटते, उमरेडची कुठे लागते, भंडाऱ्याला बसायला जागा मिळेल का, लोकांनी विचारायचं आणि बबनरावांनी सांगायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जणू खिडकीची बाजूच बदलली. आता विचारायची पाळी त्यांची होती.

दोन हजार पाच सालच्या सप्टेंबरात लेकीने, कल्याणीने, त्यांना सहा महिन्यांसाठी ब्रिटनमधल्या कार्डिफला बोलावून घेतलं. ती तिथल्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागात होती. बबनरावांच्या पत्नी, शांताबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबा घरात एकटे बसून वाळत चाललेत, असं कल्याणीला वाटत होतं. वाळणं राहिलं बाजूला, इथे आल्यावर बाबांना पालवी फुटली. गरम पाण्याचा नळ वेगळा आणि थंड पाण्याचा वेगळा, मग कोमट पाणी हवं असलेला माणूस काय करतो? कचऱ्याच्या पिशव्या हिरव्या का? पोस्टमन हाफ पँट घालून फिरतो, त्याला थंडी वाजत नाही का? हा शेवटचा प्रश्न त्यांनी थेट पोस्टमनलाच विचारला, तेव्हा कल्याणीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"बाबा, असं कोणालाही काहीही विचारत नसतात इथे."

"काऊन? राग नाही आला त्याला. म्हणाला, पँट ओली होते, पाय नाही होत. किती साधी गोष्ट आहे, पाहा!"

शेजारच्या घरात ग्लिन प्रॉसर नावाचे गृहस्थ राहायचे. उंच, वाकलेले, सत्तरीच्या आसपासचे. त्यांची बायको मायर त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेली होती. तेव्हापासून ते कोणाशी बोलत नसत, मान हलवून आत जात. बबनरावांनी मात्र मधल्या बुटक्या भिंतीवरून त्यांना गाठलंच. ग्लिन जन्मभर बस चालवत होते एवढं कळायचा अवकाश, बबनरावांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "वाटेत गाडी बंद पडली, तर तुमचे पॅसेंजर कोणाच्या नावाने ओरडायचे? ड्रायव्हरच्या की कंट्रोलरच्या?"

ग्लिन भिंतीजवळ आले. "ड्रायव्हरच्या. नेहमी ड्रायव्हरच्या."

"आमच्याकडे कंट्रोलरच्या," बबनराव म्हणाले. "तो कंट्रोलर मी."

त्या दिवसापासून दुपारचा चहा एकत्र होऊ लागला.

नाताळच्या आदल्या दिवशी ग्लिननी बबनरावांना घरात बोलावलं आणि फ्रिजचं दार उघडून दाखवलं. खालचे दोन कप्पे काढून तिथे एक प्रचंड पांढुरका पक्षी बसवलेला होता. बबनरावांनी चष्मा कपाळावर घेतला, मग परत नाकावर घेतला.

"हे कोंबडं आहे?"

"टर्की. मायर दर वर्षी ऑक्टोबरातच खाटकाकडे सांगून ठेवायची. यंदा तो दुकानात भेटला, म्हणाला, नेहमीचीच ना? मी हो म्हणून बसलो." ग्लिननी दार लावलं. "उद्या बेथन येतेय. माझी मुलगी. नवऱ्याला घेऊन, ब्रिस्टलहून. ती म्हणत होती, सगळं शिजवूनच आणते. मी म्हटलं, काही गरज नाही, मला येतं."

"आणि येतं?"

"चाळीस वर्षं मी ही टर्की खाल्ली, बबन. भाजताना एकदाही पाहिली नाही. नाताळच्या सकाळी मायर कोणालाही स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही."

"मग मुलीला फोन करा. विचारा."

ग्लिननी मान हलवली. ते जमणार नव्हतं. का जमणार नव्हतं हे बबनरावांना न विचारताही समजलं, आणि त्यांच्या बाबतीत असं क्वचितच व्हायचं.

रात्री जेवताना त्यांनी लेकीला ग्लिनबरोबर टर्की भाजायचा बेत सांगितला. कल्याणीने कपाळाला हात लावला. तिची नाताळला दिवसभर ड्यूटी होती. "बाबा, दुसऱ्याच्या घरचा सणाचा स्वयंपाक! बिघडला तर?"

"बिघडला तर बिघडला. पण आतून कशी असते ते तर दिसेल."

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "एक लक्षात ठेवा. मांडीच्या जाड भागात सुई खुपसायची. रस गुलाबी आला तर कोणालाही खाऊ घालायची नाही. नाहीतर तुम्ही सगळे माझ्याच हॉस्पिटलात याल."

सकाळी ती गेली आणि बबनराव स्वेटरवर स्वेटर चढवून ग्लिनच्या दारात हजर झाले. टर्की टेबलावर काढून ठेवलेली होती. वेष्टनाच्या चिठ्ठीवर खाटकाने ओव्हन किती गरम ठेवायचा आणि किती वेळ, एवढंच लिहिलेलं. बाकी कशाचा पत्ता नव्हता. ग्लिन समोर हात बांधून उभे होते, गाडी सुरू होत नसली की ड्रायव्हर बॉनेटकडे बघत उभा राहतो तसे.

बबनरावांनी खुर्ची ओढली. "मिस्टर ग्लिन, नाताळच्या सकाळी तुम्ही कुठे बसायचे?"

"तिकडे. पुढच्या खोलीत."

"जा, बसा. डोळे मिटा. आता सांगा, पहिला आवाज कोणता यायचा?"

ग्लिनना हे जरा विचित्र वाटलं असावं, पण ते गेले आणि आपल्या खुर्चीत बसले. बबनराव दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभे राहिले.

"रेडिओ," आतून आवाज आला. "मग नळ. मग ती म्हणायची, 'ई, हे बघा.'"

"कशाला ई?"

"ठाऊक नाही."

बबनराव टर्कीपाशी गेले, बाह्या सरसावल्या आणि पोटाच्या पोकळीत हात घातला. आत एक पिशवी सापडली. पिशवीत मान, काळीज आणि जठराचा गोळा, म्हणजे पेटा. पेटा पाहिल्याबरोबर जुना ओळखीचा भेटावा तसा त्यांना आनंद झाला. "सापडलं ई! हे काढून घ्यायचं. हे मी वेगळं परततो, कांद्यावर. पुढे?"

"सुरीचा आवाज. कांद्याचा वास. पण कांदा कधी बाहेर दिसायचा नाही. ताटात नसायचाच."

"म्हणजे आत भरायची," बबनराव म्हणाले, आणि दोन कांदे चिरून पोकळीत सारले. फ्रिजमध्ये एक लिंबू होतं, तेही सारलं. ते मात्र त्यांनी मनानेच केलं.

"मग ती भांडायची."

"कोणाशी?"

"माझ्याशीच. दर नाताळला माझा एखादा जुना शर्ट नाहीसा व्हायचा. मी विचारायचो, शर्ट कुठाय? ती म्हणायची, कामाला लागला."

बबनराव दारातून परत आले. शर्ट? त्यांनी टर्कीकडे पाहिलं, टेबलावरच्या बटरच्या मोठ्या लादीकडे पाहिलं, परत टर्कीकडे पाहिलं. छातीचा भाग सगळ्यात वर, उघडा, जळायला तयार. नागपुरात शांताबाई पोळ्यांवर ओलसर फडकं टाकायच्या, ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

"मिस्टर ग्लिन! तुमची बायको शर्ट फाडून बटरमध्ये भिजवायची आणि हिच्या छातीवर पांघरायची. कोरडी पडू नये म्हणून!"

ग्लिन खुर्चीतून उठून दारात आले. त्यांचा चेहरा पाहून बबनरावांना वाटलं, आपण काहीतरी जास्त बोललो. "मला वाटायचं," ग्लिन सावकाश म्हणाले, "तिला माझे शर्ट आवडत नाहीत."

ते वर गेले आणि एक धुतलेला, कॉलर विरलेला निळ्या चौकड्यांचा शर्ट घेऊन आले. पाठीच्या कापडाचा चौकोन त्यांनी स्वतःच फाडला. बटर वितळवलं, कापड बुडवलं, टर्कीवर पांघरलं आणि दोघांनी मिळून तो जड ट्रे ओव्हनमध्ये ढकलला.

मग एक एक गोष्ट उलगडत गेली. थोड्या थोड्या वेळाने ओव्हनचं दार वाजायचं आणि मायरबाई चिडून काहीतरी म्हणायच्या. का चिडायच्या? चष्म्यावर वाफ धरायची म्हणून. दार का उघडायच्या? ट्रेमधला रस चमच्याने वरून ओतायला. शेवटी शेवटी वास बदलायचा. कसा? "टोस्टसारखा," ग्लिन म्हणाले, म्हणजे तेव्हा कापड काढून कातडीला रंग येऊ द्यायचा. आणि टर्की बाहेर आली की मायरबाई तिच्यावर टॉवेल टाकून चक्क पुढच्या खोलीत येऊन बसायच्या, राणीचं नाताळचं भाषण टीव्हीवर ऐकत. ग्लिनना वाटे, तिला राणीचं फार कौतुक. बबनराव म्हणाले, कौतुक असेलही, पण भाजलेलं मांस मुरायला वेळ लागतो.

कापड अजून टर्कीवर होतं तेवढ्यात बेल वाजली. बेथन आली होती, हातात पुडिंगचं भांडं, मागे नवरा. वडिलांच्या घरात भाजल्याचा वास घेऊन ती पॅसेजमध्येच थांबली. मग सरळ स्वयंपाकघरात आली. तिथे एक अनोळखी गृहस्थ, कोपरापर्यंत बटर माखलेले, गॅसवर कलेजी-पेटा परतत होते.

"हे बबन," ग्लिन म्हणाले. "शेजारचे. हेही बसवाले आहेत."

बेथनने ओव्हनमध्ये वाकून पाहिलं. "डॅड, हा तुझा शर्ट आहे?"

ग्लिननी जरा अभिमानानेच सगळं सांगितलं, शर्ट कसे नाहीसे व्हायचे आणि त्याचा उलगडा आज कसा झाला ते. बेथन ऐकत राहिली. तिचे ओठ थरथरायला लागले. रडते की काय, म्हणून बबनराव घाबरले. पण ती हसत होती.

"डॅड, मम्मी बाजारातून मलमल आणायची! नवी कोरी, दर वर्षी, मला बरोबर घेऊन. ती टाकायची टर्कीवर. तुझ्या शर्टांनी ती खिडक्या पुसायची. नाताळला पाहुणे येणार म्हणून. तिला ते शर्ट बघवत नव्हते!"

मग ग्लिन प्रॉसर हसायला लागले. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग टेबलाला धरून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बेथनच्या नवऱ्याने पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली. बबनरावांचा तर्क निम्मा चुकला होता, तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. कापड बरोबर होतं. शर्टाबद्दल आपण एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता, इतकंच.

मात्र वेळ झाल्यावर मांडीत सुई खुपसली तर रस गुलाबी आला. बेथन म्हणाली, भूक लागलीय, कडेकडेचं कापून घेऊ या. बबनराव हात पसरून ओव्हनपुढे उभे राहिले. "नाही. माझी मुलगी हॉस्पिटलात आहे. तिने सांगितलंय." टर्की परत आत गेली. बटाटे थंड झाले, राणीचं भाषण संपलं, आणि तोवर कांद्यावरच्या तिखट कलेजीचा फन्ना उडाला. बेथनचा नवरा पाणी पीत पीत ती खात होता. दुसऱ्या वेळी रस पाण्यासारखा स्वच्छ आला. टर्की मुरेपर्यंत सगळे टॉवेलकडे बघत बसले.

चव कशी होती? बबनरावांनी मन लावून चावलं. कोंबडीपेक्षा जरा उग्र, थोडी गोडसर, मीठमसाल्याची वाट बघणारी. छातीचं मांस मऊ होतं. बेथनने एक घास खाल्ला, लिंबाची चव ओळखली, म्हणाली, "हे मम्मीचं नाही." मग आणखी वाढून घेतलं.

पानं उचलताना ग्लिननी विचारलं, "बबन, तू मला सकाळपासून विचारतोयस. तुझी बायको सणाला काय करायची?"

बबनरावांनी उचललेलं पान परत टेबलावर ठेवलं. त्यांना इथे हे कोणी विचारलं नव्हतं. "खीर," ते म्हणाले. "बुद्धपौर्णिमेला. तांदळाची."

"तू कुठे बसायचास?"

"बाहेर. ओट्यावर, पेपर घेऊन." आणि मग ते बोलत राहिले. इंग्रजी कमी पडलं तिथे हातांनी.

दुसऱ्या दिवशी कल्याणीला सुट्टी होती. ग्लिन टर्कीची हाडं पातेल्यात घेऊन दारात आले, आता याचं काय करायचं म्हणून. हे मात्र बबनरावांना येत होतं. त्यांनी नागपुरी मसाला घालून पातळ रस्सा केला. ग्लिनचं नाक वाहायला लागलं, कान लाल झाले, तरी त्यांनी वाटी पुढे केली.

रस्सा पिता पिता ग्लिन कल्याणीला म्हणाले, "तुझी आई दुधाला दम द्यायची म्हणे. मजेशीर बाई असणार."

कल्याणीने बाबांकडे पाहिलं. "कोणत्या दुधाला?"

"खिरीच्या," बबनराव म्हणाले. "उतू जाऊन तर पाहा, म्हणायची. सारखी बडबडायची त्याच्याशी. मग पळी जड चालायला लागली, की गप्प व्हायची. तेवढ्यावरून मला बाहेर कळायचं, खीर झाली."

"हे मला कधी नाही सांगितलं तुम्ही."

"तू तरी कुठे विचारलं, बेटा?"

कल्याणी हातातली वाटी घेऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. "मग आता विचारते. आणखी काय म्हणायची ती दुधाला?"