ओढणीत टाकलेला नारळ

"हिला शिकायची गरजच काय? हे तर यांच्या रक्तातच आहे."

भाऊ हे माईकवर बोलले. आमच्या देवळाच्या सभामंडपात, अख्ख्या गावासमोर. भाऊ म्हणजे देवळाचे मुख्य महाजन. देवळाचा कारभार त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं ऐकून घेणं आहे.

देवीचा वर्धापनदिन होता. गावातल्या मुलामुलींचा सत्कार चालला होता. एकीला इंजिनिअरिंग मिळालं होतं, एकाला फार्मसी. भाऊ प्रत्येकाच्या खांद्यावर शाल घालत होते, हातात नारळ देत होते, पाठ थोपटत होते. मला पणजीच्या संगीत महाविद्यालयात जागा मिळाली होती. पेडण्यातल्या आमच्या गावातून तिथे जाणारी मी पहिलीच. म्हणून माझंही नाव पुकारलं.

मी पुढे झाले. भाऊंनी नारळ उचलला. आणि माझ्या हातांनी, मला न विचारता, ओढणीची झोळी केली.

भाऊंनी नारळ वरून सोडला. धप्पकन पडला, मानेला हिसका बसला. मागून कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. माईक बाजूला करून भाऊ हळूच म्हणाले, "पदर बरो विसरूक नाय गो तू."

शाली संपल्या होत्या, असं नंतर कुणीतरी सांगितलं. माझ्यानंतरच्या दोघांना मात्र मिळाल्या.

गाव आम्हाला 'देवळाकडची' म्हणतो. ऐकायला किती साधं. आमच्या घरातल्या बायका दर सोमवारी देवीच्या पालखीपुढे गायच्या. पालखीपुढे गाणाऱ्या बाईवर आपला हक्क आहे, असं गावातली बडी घरं धरून चालायची. कसला हक्क ते मी सांगत बसत नाही, ज्याला कळायचं त्याला कळतं. गाणं झालं की बाईने खालच्या पायरीवर उभं राहून पदर पसरायचा. वरच्या पायरीवरून महाजन त्यात नारळ टाकणार. हाताला हात लागता कामा नये. माझी आजी म्हणायची, "पदरी पडलं नि पवित्र झालं." पवित्र कोण झालं, ते तिने कधी सांगितलं नाही.

आईने हे मोडलं. तरुणपणीच तिने पालखीपुढचं गाणं सोडलं. आता ती अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या घरात कुणी गात नाही. मी लहानपणी नुसतं गुणगुणले तरी आई हातातलं भांडं आपटायची. बाबा सावंतवाडीकडचे, ट्रकावर असतात, घरी येतात ते झोपायला. त्यांना गाणं काय, बोलणंही फारसं लागत नाही.

मग मी गायला शिकले कुठे? जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात. शिकवलं शाळेतल्या संगीताच्या बाईंनी, पण घोटलं ते कारखान्यात. बारावीनंतर मी तिथे पॅकिंगला लागले. मशीन सुरू झालं की शेजारणीला हाक मारली तरी ऐकू जात नाही. त्या आवाजात मी सुरांचे पलटे म्हणायचे. खोकी चिकटवत, पूर्ण आवाजात. माझा सूर माझ्याच कानाला ऐकू यायचा नाही, नुसता छातीत कळायचा. शेजारणीला वाटायचं, ही एकटीच काहीतरी पुटपुटते. तीन वर्षं मी अशी गायले. कुणी ऐकलं नाही. मला तेव्हा त्याचं बरं वाटायचं, आणि फार एकटंही वाटायचं.

पणजीला प्रवेशाची परीक्षा झाली, तेव्हा माझा आवाज मी पहिल्यांदा भरल्या शांततेत ऐकला. मलाच भीती वाटली. गाणं संपल्यावर समोरच्या पांढऱ्या केसांच्या सरांनी गाव विचारलं, आईकडचं आडनाव विचारलं. मग शेजारच्यांकडे बघून हसले. "अच्छा, त्या घरातली! मग प्रश्नच मिटला."

मी खूश झाले होते. मूर्ख मी. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून पेडण्यापर्यंत मनातल्या मनात तेच घोळवत आले. ते कौतुक नव्हतं, हे मला भाऊंनी कळवलं. वाक्य दोघांचं एकच. एकाने खुर्चीवर बसून म्हटलं, दुसऱ्याने नारळ टाकताना.

सत्कारानंतर घरी आले तेव्हा आई चुलीपाशी होती. तिने नारळाकडे बघितलं.

"हातात घेतलंस, काय ओढणीत?"

दुसरं काही विचारलं नाही. कोण आलं होतं, काय बोलले, काही नाही.

"ओढणीत," मी म्हटलं.

आईने नारळ माझ्याकडून घेतला आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवला. घरात ठेवू दिला नाही. मग तिने मला ते सांगितलं, जे आजवर कधी सांगितलं नव्हतं. ती माझ्याएवढी असताना एका सोमवारी भाऊंच्या वडिलांनी टाकलेला नारळ तिच्या पदरात न पडता पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. चपलांच्या ढिगात. ती वाकून वाकून शोधत होती आणि वर सगळे हसत होते.

"थंयच माझां गाणां सरलां," आई म्हणाली. "मी सोडलां म्हणान तू शाळेत गेलंस. आमी गाणां सोडलां, तेव्हा ह्या गावान आमका माणसां म्हटल्यान. तू जाव नको गो बाय. भाऊ म्हणता तां खरां करू नको."

डिचोलीहून मामाचा फोन आला. मामा बँकेत आहे, आमच्या नात्यातला पहिला नोकरदार. "नर्सिंग कर, मास्तरीण हो. गाणां नको," तो म्हणाला. मग आपल्या मुलीवर आला. "माझ्या चेडवाचां लगीन जमता हा. लोक काय म्हणतले?"

मी काय करायचं? गेले, तर भाऊंचं खरं: बघा, रक्त वळलंच तिकडे. नाही गेले, तरी भाऊंचंच खरं: हिला शिकायची गरजच नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. विचारावं असं कोण होतं? ज्यांनी मला हिणवलं ते नको म्हणत नव्हते. ज्यांनी मला वाढवलं ते नको म्हणत होते. कारखान्याच्या कँटीनमध्ये भाजीपाव समोर ठेवून मी बसून राहायचे. मुली विचारायच्या, तुझं पणजीचं काय ठरलं? मी म्हणायचे, बघूया. पाव गार व्हायचा.

एका दुपारी मशीन मधेच बंद पडलं. माझा आवाज वरच्या सुरावर होता, तो तसाच उघडा पडला. सगळं डिपार्टमेंट वळून बघायला लागलं. मी गप्प झाले, शरमेने मान खाली घातली, आणि बघते तर माझ्या हातांनी ओढणी दोन्ही बाजूंनी धरलेली. पुन्हा. पसरायला तयार.

तेव्हा माझं डोकं फिरलं. आईने गाणं सोडलं, पण पदर नाही सोडला. गाणं बंद झाल्यावरही आमच्या घरात देवळातून आलेलं सगळं पदरातच घेतलं जायचं. आजीने मला चालायला येण्याआधी ते शिकवलं असेल. गाणं आमचं होतं. पदर त्यांनी पसरायला लावला होता. आम्ही आमचं टाकलं आणि त्यांचं जपलं! आणि हे रक्त रक्त काय म्हणतात? रक्तात असतं तर मला तीन वर्षं खोकी चिकटवत घसा कशाला फोडावा लागला असता? रक्तात काही नव्हतं. हातात होतं. आणि ते शिकवलेलं होतं.

सोमवारी पालखीच्या वेळी मी आमच्या घराच्या पायरीवरचा तो नारळ उचलला आणि देवळात गेले. ओढणी कमरेला करकचून बांधली. खालच्या पायरीवर थांबले नाही. भाऊ उभे होते त्या पायरीवर गेले. वाजंत्री चालू होती, ती एकेक करत थांबली.

"हो नारळ परत घेवा," मी म्हटलं. "दिवचो आसात तर हातात दिया. सगळ्यांक दिलास तसो."

"थंय दवर," नारळ ठेवायला भाऊंनी पायरीकडे बोट दाखवलं.

"दवरूचंय नाय. हातात घेवा."

मी हात पुढे करून उभी राहिले. भाऊंनी हात पाठीमागे नेले. हात भरून आला, गाव बघत होता. कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनेही बोललं नाही. शेवटी भाऊंनी पालखीवाल्यांना खूण केली आणि पालखी मला वळसा घालून गेली. माणसं अंग चोरून गेली. मी नारळ घेऊन घरी आले आणि चुलीपाशी ठेवला. आत.

आईने तो फोडला नाही. माझ्याशी बोललीही नाही. मी पणजीला निघाले त्या सकाळी ती अंगणवाडीत लवकर गेली. मी बसस्टॉपवर एकटीच होते.

पहिल्याच आठवड्यात ते पांढऱ्या केसांचे सर वर्गात आले. बाहेरगावचे पाहुणे येणार होते. सर सगळ्यांसमोर कौतुकाने म्हणाले, "तू त्यांना तुमच्या घरातलं पालखीपुढचं एखादं गाऊन दाखव. तुला शिकवायची गरज नाही."

वर्ग माझ्याकडे बघत होता. माझे हात मी मांडीवर उघडे ठेवले.

"मला येत नाही, सर," मी म्हटलं. "मी शिकायला आले आहे."

सरांना ते आवडलं नाही. पाहुण्यांपुढे दुसरीच कुणीतरी गायली. वर्गात माझ्याशेजारी अजून कुणी बसत नाही. घरी फोन केला की बाबा उचलतात आणि आई बरी आहे एवढं सांगून ठेवतात. असू दे. मी गाणार आहे. आईचं चपलांच्या ढिगात राहिलेलं गाणंही एक दिवस मी गाईन, पण कोणी फर्मावलं म्हणून नाही. ज्याला मला काही द्यायचं असेल, त्याने माझ्या पायरीवर यावं आणि हातात द्यावं. पदर मी पसरणार नाही. त्या देवळात नाही, आणि ह्या कॉलेजातही नाही.