भिजलेल्या कागदांचे आभार

प्रभाअक्कांच्या दुकानाला पाटी नाही. कॉलेजमागच्या बोळात कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला की तिथं वळायचं. अक्का टाइपरायटरवर शिकल्या आणि कॉम्प्युटरलाही त्याच जोरानं हाणतात. मुलांचे प्रोजेक्ट टाइप करायचे, काळं बायंडिंग घालायचं, हा त्यांचा व्यवसाय. तोंड फटकळ.

दोन हजार एकोणीसच्या महापुरात शिरोळच्या आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा मी एम.कॉम.ला होते. हातानं लिहिलेला माझा अख्खा प्रोजेक्ट भिजला. अक्कांनी एकेक पान दुकानात दोरीवर वाळत घातलं, पुसट अक्षर उजेडात धरून लावलं आणि सगळं टाइप करून दिलं. त्यांच्या स्टुलावर बसूनच मी आभाराचं पान लिहिलं: ‘भिजलेल्या कागदांतून माझं अक्षर शोधून काढणाऱ्या प्रभाअक्कांची मी जन्मभर ऋणी आहे.’

आज मी त्याच कॉलेजात ऑडिटिंग शिकवते. यंदा मुलांना काम दिलं होतं: कंपनीत चूक किंवा लबाडी होऊ नये म्हणून जी अंतर्गत नियंत्रणं असतात, त्यांच्याबद्दल वार्षिक अहवालात काय लिहिलंय ते तपासा. शब्द दरवर्षी बदलतात, की जुनाच परिच्छेद पुन्हा चिकटवलाय? पोरांनी झकास काम केलं. कुणाचा परिच्छेद किती शिळा, ते बरोबर पकडलं.

मग मी आभाराची पानं उघडली. सम्मेदचे कागद भिजलेले. अनुजाचेही भिजलेले. बिद्रीच्या विश्वजितचेसुद्धा, आणि तेही भर उन्हाळ्यात! प्रत्येक पानावर माझंच वाक्य.

माझं डोकं फिरलं. आमचं घर पाण्यात होतं तेव्हा लिहिलेलं वाक्य अक्कांनी तयार माल म्हणून वाटावं? विभागप्रमुख म्हणाले, “तक्रार द्या. त्या दुकानात टाइप केलेलं काहीच कॉलेज घेणार नाही.” म्हणजे दुकान बंदच. तक्रार लिहून पर्समध्ये टाकली आणि मी तडक बोळात गेले.

“लिहिणार तुम्ही, टाइप करणार तुम्ही, तपासणारही तुम्हीच,” मी स्टुलावर न बसताच ऑडिटच्या भाषेत सुनावलं. “अक्का, माझं पान विकायला काढलंत?”

“इकलं न्हाय गं. त्या पानाचं पैसं घेत न्हाय मी.” अक्कांचे हात थांबले. “पोरं येत्यात, म्हणत्यात, अक्का, आभाराचं तुमचं तुम्ही घाला. इतकी वर्सं टाइप करतीया. प्राचार्य असत्यात, चेअरमन असत्यात, देव असतोय. टाइप करणारीचं नाव तुझ्या एकटीच्याच पानात हुतं की. म्हणून ठिवलं जपून. चुकलं माझं. काढून टाकती.”

मी स्टुलावर बसले. त्या पुराच्या दिवसांत या बाईनं मला वर ओढलं नसतं, तर आज रागवायला माझ्याकडं नोकरी तरी असती का? मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांना सांगितलं, तक्रार देणार नाही, नियम करणार. आभाराचं पान प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहायचं. अक्कांनी ते फक्त बांधायचं. ते कुरकुरले, पण “पुन्हा असं झालं तर जबाबदारी तुमची,” म्हणून तयार झाले.

नवी पानं आली. काही अगदीच ओबडधोबड होती. बायंडिंगच्या दिवशी मी दुकानात गेले, तर अक्कांनी विश्वजितचं पान बाजूला काढून ठेवलेलं.

“जरा वाच की. चष्मा सापडंना झालाय.”

मी वाचलं: ‘तयार पान मागितलं तर अक्कांनी शिव्या घातल्या आणि स्टुलावर बसवलं. लिहीपर्यंत उठू दिलं नाही. मधे चहा दिला. माझ्या घरात आभार मानायची कुणाला सवय नाही. पहिले आभार अक्कांचे.’

“पुन्यांदा वाच,” अक्का म्हणाल्या.

चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. मी पुन्हा वाचलं.